‘गिधाडे’तील रमा : अपत्यहीनता आणि दांपत्यातील संवादाचा प्रश्न

प्रस्तावना

विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ हे नाटक डॉ. श्रीराम लागू यांनी १९७० मध्ये रंगभूमीवर आणले. त्यावरील चर्चा प्रामुख्याने हिंसा, शिवराळ भाषा आणि परिनिरीक्षण मंडळाचे आक्षेप यांभोवती फिरली. रक्ताचा लाल डाग प्रयोगात निळा दाखवावा लागला, ही घटना सर्वपरिचित आहे. या गदारोळात रमा व रमाकांत यांच्या अपत्यहीन संसाराचे चित्रण मात्र दुर्लक्षित राहिले. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

विवेचन

रमेला मूल हवे आहे. डॉक्टर, वैद्य, साधू असे सर्व उपाय तिच्याच देहावर केले जातात. आपल्यात उणीव नाही हे ती जाणते. व्यसनाधीन रमाकांतापर्यंत ते पोहोचत नाही. त्यामुळे शय्या हे जवळिकीचे स्थान न राहता परीक्षेचे स्थान बनते. रजनीनाथाशी जुळलेले तिचे नाते केवळ व्यभिचार म्हणून पाहणे अपुरे ठरते. या घरात तिचे म्हणणे ऐकून घेणारा तो एकटाच आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

येथे नाटकाची एक मर्यादाही नोंदवावी लागते. रमा आपला बचाव बीज आणि भूमी यांच्या परंपरागत रूपकातूनच करते. दोष भूमीकडून बीजाकडे सरकतो. परंतु ‘दोष कोणाचा?’ हा प्रश्न तसाच उरतो. दोघांचे दुःख एक आहे, ही भाषा तिलाही सापडत नाही.

पुढील काळात वैद्यक फार पुढे गेले. पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात मे २०१७ मध्ये आईचे गर्भाशय मुलीच्या शरीरात प्रत्यारोपित झाले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तिला कन्या झाली. शुक्राणूंची उणीव असल्यास एकच शुक्राणू बीजांडात सोडण्याचे तंत्र १९९२ पासून ज्ञात आहे. मात्र या उपचारातही इंजेक्शने घेणे व बीजांडे काढून घेणे पत्नीच्याच वाट्याला येते. उणीव पतीची, उपचार पत्नीवर, ही रमेची स्थिती वेगळ्या रूपात कायम राहते. तपासण्यांच्या तारखांनी बांधलेला शरीरसंबंध कर्तव्य बनण्याचा धोकाही असतो. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने दांपत्याचे समुपदेशन बंधनकारक केले आहे. ते यशाची शक्यता, फायदे-तोटे आणि खर्च सांगण्यापुरतेच उरले, तर पती-पत्नींमधील अबोला तसाच राहील.

समारोप

रमेची शोकांतिका वंध्यत्वाची नसून एकटेपणाची आहे, असे म्हणता येईल. अपत्यहीनता संसार मोडत नाही. तिचा भार एकाच्याच देहावर टाकणे संसार मोडते. ‘गिधाडे’चे हे वाचन साहित्याच्या अभ्यासकांप्रमाणेच वैद्यक, विधी व मानसशास्त्राच्या अध्यापकांनाही विचारप्रवृत्त करणारे ठरावे.