ख्रिस्तपुराण आणि परंपरेचे पाईक

परंपरेचे पाईक म्हणविणाऱ्या आपल्या काही बांधवांचा एक आक्षेप आम्ही वारंवार ऐकतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली, १९६९ साली आरतीसारख्या भारतीय उपचारांना रोमची मान्यता मिळाली, आणि तेथून पावित्र्य ओसरले, असे ते म्हणतात. लॅटिनच्या गंभीर नादाविषयीची त्यांची हळहळ आम्ही खोटी मानीत नाही. परंतु ज्या मिस्सेला ते परंपरा म्हणतात, तिचा ग्रंथ पोप पाचवे पायस यांनी १५७० साली प्रसिद्ध केला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राशोल येथे छापले गेले ते १६१६ साली. अंतर अवघे शेहेचाळीस वर्षांचे!

या पुराणाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींपुढे गाऱ्हाणे मांडतो : जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे काय? आमच्या मते साऱ्या काव्याचा उगम या प्रश्नात आहे. श्रद्धा पालटली तरी कानाला लागलेली ओवीची सवय पालटत नाही, हे जन्माने इंग्रज असलेल्या या जेज्वीटाने ओळखले. तीन चरणांचे यमक आणि आखूड चौथा चरण हा ज्ञानदेवांच्या हातून घडलेला साचा त्याने दहा हजारांहून अधिक ओव्यांत निभावला. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणताना त्याची लेखणी अडखळत नाही. आज एखाद्या गायनमंडळाने तो शब्द योजला, तर तक्रारीचे पत्र धर्मगुरूंकडे आधी पोहोचेल, गीत मागाहून!

मात्र सुधारकांनाही आम्ही मोकळे सोडीत नाही. लोकभाषेचा दरवाजा उघडल्यावर त्यांनी आत आणले काय? बहुतांशी इंग्रजीवरून उतरविलेल्या प्रार्थना, ज्यांत श्वास घ्यायला जागा नाही. ओवी घरात असताना ते शेजारी उसनवारीला गेले. लॅटिनप्रेमींचा रोष आम्हांला येथे समजतो. त्यांनी दाखविलेला उपाय मात्र पटत नाही.

१६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषा तीन वर्षांत टाकून देण्याचा हुकूम काढला. पुराण रोमन लिपीत छापलेले होते, तेही नाइलाजाने. देशी लिपीत छापण्याची अनुमती स्टीफन्स यांनी १६०८ सालीच वरिष्ठांकडे मागितली होती. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती निघाली, ती १९५६ साली.