‘मुक्त-स्रोत’ या विशेषणाची तपासणी

संगणकाची आज्ञावली लिहिण्यास साहाय्य करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांतून कोणते निवडावे, याची चर्चा बहुधा वेग व अचूकता यांपुरतीच होते. ‘मुक्त-स्रोत’ हे विशेषण मात्र अनेकांस सरसकट लावले जाते. ते तपासून पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

बीड जिल्ह्यातील वाचकास जवळचे उदाहरण देता येईल. अंबाजोगाईच्या परंपरेत मानाचे स्थान असलेल्या मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’चा रचनाकाल परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, मानतात. उपलब्ध पोथ्यांची भाषा त्या मानाने अर्वाचीन दिसते, म्हणून अभ्यासकांनी या कालाविषयी शंका घेतली. हा वाद संभवला तो पोथ्या ताडून पाहता आल्या म्हणूनच. केवळ छापील संहिता हाती असती, तर ती वाचता आली असती. तिची परीक्षा करता आली नसती.

हाच निकष येथे लावू. मेटाचे ‘कोड लामा’ (२०२३) व अलीबाबाचे ‘क्वेन २.५ कोडर’ (२०२४) या प्रतिमानांचे ‘वेट्स’, म्हणजे प्रशिक्षणाअंती सिद्ध झालेले आकडे, आपल्या संगणकावर उतरवून घेता येतात. ज्या सामग्रीवर ते घडले ती मात्र प्रसिद्ध नाही. क्वेनच्या बहुतेक आकारांचा ‘अपाची २.०’ परवाना उदार आहे. उलट ‘स्टारकोडर २’ (२०२४) याची प्रशिक्षण-सामग्री अभ्यासकांस उपलब्ध आहे, आणि आपले लेखन तीतून वगळून घेण्याची सोय आज्ञावलीकारांस ठेवलेली होती. परंतु त्याचा परवाना काही उपयोगांस मनाई करतो. म्हणजे एकाचा परवाना मुक्त पण मूळ झाकलेले, दुसऱ्याचे मूळ उघडे पण परवाना सशर्त. ‘एडर’सारख्या साधनाची स्वतःची आज्ञावली मुक्त असली, तरी त्यास बंद प्रतिमानही जोडता येते.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. सुचविलेली ओळ दुसऱ्याच्या आज्ञावलीतून जशीच्या तशी आली असेल, तर त्याचा जाब ती वापरणाऱ्या तरुणासच द्यावा लागतो. आणि मूळ झाकलेले असता त्यास शोध घेण्याची वाटच उरत नाही. तात्पर्य, नित्याच्या कामास क्वेनचे लहान रूप पुरेल. अध्यापनास व संशोधनास स्टारकोडरच ग्राह्य मानावे. मात्र साधन, वेट्स, सामग्री व परवाना यांपैकी नेमके काय मुक्त आहे, हे सांगितल्याखेरीज ‘मुक्त’ हा शब्द वापरू नये.