सागरी छात्रशिक्षण आणि नेतृत्वाची कल्पना

सागरी छात्रशिक्षणाविषयी जे लिहिले जाते त्यात ‘नेतृत्व’ आणि ‘नौकाकौशल्य’ हे दोन शब्द बहुधा जोडीनेच येतात. परंतु त्यांचा परस्परांशी नेमका संबंध काय, याचा विचार क्वचितच केलेला दिसतो. नौकाकौशल्य हे हाताचे काम आणि नेतृत्व हा त्याहून वरच्या प्रतीचा गुण, अशी सामान्य समजूत आहे. ही समजूत या शिक्षणाच्या मुळावरच येणारी आहे.

मुंबईत या शिक्षणाचा पाया घातला गेला तो १९२७ साली. हिंदी व्यापारी नौकानयनाचा विचार करण्यासाठी १९२३ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून ‘डफरिन’ हे शिक्षणनौकेचे काम करणारे जहाज माझगावनजीक उभे राहिले. १९७२ मध्ये ‘राजेंद्र’ने त्याची जागा घेतली आणि १९९३ पासून ‘चाणक्य’ या नावाने ही संस्था नवी मुंबईत जमिनीवर आली. दुसरा प्रवाह शाळकरी मुलांचा. १९३८ मध्ये कराचीत सुरू झालेले सागरी छात्रदल फाळणीनंतर मुंबईस आले; राष्ट्रीय छात्रसेनेची नौदल शाखा १९५२ ची. ‘डफरिन’ नांगरलेलेच असे, हे खरे. तथापि मुले तेथे राहत आणि भरती-ओहोटी त्यांच्या पायाखाली चाले. वसतिगृह किनाऱ्यावर आले तेव्हा सोयी वाढल्या, पण ही न शिकविता मिळणारी शिकवण उणावली.

नौकाकौशल्यात नेतृत्व कसे दडलेले असते, हे पाहावयाचे तर वल्ह्यांच्या होडीकडे पाहावे. नौदलांत दीर्घकाळ वापरात असलेल्या सत्तावीस फुटी व्हेलरला पाच वल्ही असतात: एका बाजूस तीन, दुसऱ्या बाजूस दोन. म्हणजे मुळातच विषम असलेले बळ सम करून घ्यावयाचे. वल्हेकरी गन्तव्य दिशेकडे पाठ करून बसतात. पुढचे पाणी दिसते ते एकट्या सुकाणूवाल्याला, आणि त्याच्या हाती वल्हे नसते. ज्याला दिसते त्याच्यात होडी हलविण्याची शक्ती नाही आणि ज्यांच्यात शक्ती आहे त्यांना दिसत नाही. त्याचा हुकूम म्हणजे अधिकाराचे प्रदर्शन नव्हे, तर पाठमोऱ्यांना दिलेली डोळ्यांची उसनवारी होय. तो चुकला तर खडकाचा धक्का त्यालाही बसतो. कोळ्यांचा तांडेल हे सारे व्याख्यानावाचून जाणतो. ‘नेतृत्वगुणांची दहा सूत्रे’ फळ्यावर लिहून देणारा शिक्षक हाच प्रसंग गमावून बसतो.

या दृष्टीने रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रातील (सुमारे इ. स. १७१५) आरमाराचे प्रकरण पुन्हा वाचण्याजोगे आहे. आरमारास स्वतंत्र राज्यांग मानणारा हा ग्रंथ शौर्याची वर्णने करीत बसत नाही. वारा अनुकूल नसता किल्ल्याचा आश्रय करावा. पावसाळ्याची छावणी दरवर्षी एकाच बंदरी करू नये. जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसांस तिच्या संमतीवाचून हात लावू नये. येथे सत्ताधाऱ्यास शिकविलेली आहे ती मुख्यतः मर्यादा, आणि ती वाऱ्याच्या, ऋतूच्या व लाकडाच्या ज्ञानातून आलेली आहे.

आता प्रश्न उरतो तो पाण्यापासून दूर असलेल्यांचा. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील मिरजगाव हे कर्जत तालुक्यातील अवर्षणप्रवण गाव समुद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरांवर आहे. अशा ठिकाणी सागरी शिक्षणाचे नाव काढले तर संचलन, गणवेश आणि भाषण एवढेच हाती उरण्याची भीती असते. यावर समुद्र हा कोकणचाच विषय, असे उत्तर देणे सोपे आहे, पण ते इतिहासास धरून नाही. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीच्या उभारणीत अग्रभागी असलेले वालचंद हिराचंद सोलापूरचे; आणि मिरजगाव आहे ते नगर-सोलापूर रस्त्यावरच.

खरी अडचण अंतराची नसून भाषेची आहे. नौकाकौशल्याचे पाठ इंग्रजी संज्ञांतून येतात, आणि मुलाला वाटते की हे सारे परके आहे. वस्तुतः गाठी शिकविताना निरगाठ आणि सुरगाठ या भेदापासून आरंभ करता येतो. दावे, कासरा आणि चऱ्हाट ही शेतकऱ्याच्या घरात आहेतच. पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलाला तरणशक्तीचा नियम नव्याने पटवून द्यावा लागत नाही. शीड, डोलकाठी, परबाण, उधाण, भांग, मतलई हे शब्द मात्र त्याला किनाऱ्याकडून मिळावयास हवेत, आणि तो कोश कोळी, भंडारी व दालदी यांच्या बोलण्यातून विषयवार गोळा करणे हे विद्यापीठीय मराठी विभागांचे काम आहे. छात्रसेनेच्या अधिकाऱ्याकडून त्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. असा कोश हाती आल्यास मिरजगावच्या शिक्षकाला पुरेसे साहित्य आहे. सीना धरणात पाणी असेल त्या वर्षी त्यावर होडी घालता येईल; नसेल त्या वर्षी दोर, नकाशा, वारा आणि रात्रीचे निरभ्र आकाश.