हाय-रेझ डॅक घेण्याआधी एक पेपर

टेबलावर टर्नटेबल, लॅपटॉपवर स्ट्रीमिंग, आणि फेलोशिपचे थकलेले पैसे एकदम जमा झालेले. आता हाय-रेझ डॅक घ्यायचा का? मी जवळजवळ घेतलाच होता. तेवढ्यात मेयर आणि मोरान यांचा २००७चा पेपर हाती लागला. तुम्हीही वाचा, पण निष्कर्षावर थांबू नका.

हाय-रेझ डिस्क त्यांनी कधी थेट, तर कधी सीडीच्या दर्जात, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झमध्ये बदलून ऐकवली. कुठली कोणती, हे ऐकणाऱ्याला ठाऊक नाही. आवाजाची पातळी जुळवलेली. हे फार महत्त्वाचं, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला उगाच 'चांगला' वाटतो. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरं बरोबर. नाणं उडवून साधारण एवढीच आली असती!

मला खटकतो तो नमुना. डिस्कवर हाय-रेझ छापलंय म्हणून मूळ रेकॉर्डिंग तसं असेलच असं नाही. जे मुळात नव्हतंच, ते सीडीच्या दर्जात गळालं की नाही हे ऐकून कसं कळणार? पुढे या पेपरवर टीका झाली तीही या मुद्द्यावर. त्यामुळे 'फरक नसतोच' असं त्यातून म्हणता येत नाही. एवढ्या डिस्कवर तो सापडला नाही, इतकंच.

तरी डॅक घेतला नाही. रेकॉर्ड ऐकताना तो वाटेत येतच नाही; तिथे सुईचे काही मिलिव्होल्ट वाढवून दाबलेला बेस परत उचलणारा फोनो प्रीअँप लागतो. सध्या भिंतीला टेकलेले स्पीकर फक्त पुढे ओढलेत. बेस घुमायचा बराच कमी झालाय.