शिवलेली कृपाण

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा मुल्तानी निकाल तुम्ही वाचला नसेल, तर जरूर वाचा. कायद्याचा असूनही जड नाही. २००१ मध्ये माँट्रियलजवळच्या शाळेत एका शीख मुलाची कृपाण पटांगणात चुकून खाली पडली आणि प्रकरण कोर्टात गेलं. न्यायमूर्ती लुईझ शारों यांचा मुद्दा सरळ आहे: शाळेत कात्र्या असतात, बेसबॉलच्या बॅटी असतात, मग भीती फक्त कृपाणीचीच का? इथे निकाल खरंच भक्कम आहे.

पण अटी बघा. लाकडी म्यान, वर कापड शिवलेलं, सगळं कपड्यांच्या आत. मुलाला आणि वडिलांना त्या मान्य होत्या, हे खरं. तरी जी कृपाण दुबळ्याच्या रक्षणाची आठवण म्हणून जवळ ठेवायची, ती उघडताच येऊ नये अशी शिवली, की तिचं काय उरतं? न्यायालय त्यात शिरतच नाही. (आपल्या घटनेच्या २५ व्या कलमात कृपाणीचा नाव घेऊन उल्लेख आहे, तो वाचून बघा.)

आणि निकाल लागला तेव्हा तो मुलगा त्या शाळेत राहिलाच नव्हता. न्यायालयाने शाळा मंडळाचा बंदीचा निर्णय रद्द केला, एवढंच.