‘हॅक्सॉ रिज’ : श्रद्धा, शौर्य आणि वगळलेले प्रसंग

मेल गिब्सन दिग्दर्शित ‘हॅक्सॉ रिज’ (२०१६) हा चित्रपट सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या डेस्मंड डॉस या अमेरिकन सैनिकाच्या जीवनावर आधारित आहे. धर्मश्रद्धेपोटी शस्त्र नाकारणाऱ्या या वैद्यकीय सैनिकाने १९४५ मध्ये ओकिनावाच्या कड्यावरून सुमारे ७५ जखमींना दोराने खाली उतरविले. चित्रपटाचा पूर्वार्ध या श्रद्धेची जडणघडण संयमाने उलगडतो. उत्तरार्धात मात्र दिग्दर्शक हिंसेच्या दर्शनातच रमलेला दिसतो. भुयारातील जखमी जपान्याची डॉस शुश्रूषा करतो, तो प्रसंग क्षणात संपतो.

त्याहून गंभीर उणीव वगळण्याची आहे. ग्वाम व लेटे येथील डॉसची आधीची सेवा येथे नाही. परिणामी दीर्घकाळ कसाला लागलेली निष्ठा एका रात्रीच्या चमत्कारासारखी भासते. ‘मेडल ऑफ ऑनर’च्या मानपत्रानुसार, स्वतः जखमी असताना त्याने आपले स्ट्रेचर अधिक जखमी सैनिकास दिले. पुढे हाताचे हाड मोडल्यावर त्यास रायफलचा दस्ता बांधून तो ३०० यार्ड सरपटत गेला. जी बंदूक त्याने नाकारली, तिचाच तुकडा हाताला आधार म्हणून बांधला गेला! हा प्रसंग चित्रपटात नाही. तेथे दिसतो तो कड्यावरून उतरणाऱ्या स्ट्रेचरवर, जणू आकाशात तरंगणारा डॉस.