‘उइघुर’ नामाची एक निरुक्ती

महमूद काश्गरीच्या 11व्या शतकातील तुर्की-अरबी कोशात ‘उइघुर’ नामाची एक कथा आहे. हे लोक स्वतःचे अन्न स्वतःच मिळवतात, असे सिकंदर फारसीत उद्गारला आणि त्यातून हे नाम झाले! ‘भिक्खु’ म्हणजे भय पाहणारा, असे सांगणाऱ्या अट्ठकथाकारांच्या निरुक्तीच्याच जातीची ही व्युत्पत्ती. मात्र त्यांच्या निरुक्तीत निदान धम्मार्थ तरी असतो. मंगोलियातील ओर्खोन खोऱ्यात बिल्गे खगानाच्या इ.स. 735च्या तुर्की शिलालेखात हे नाम एका टोळीचे म्हणून आधीच कोरलेले आहे. सिकंदराची तेथे गरज नाही.

तथापि काश्गरी त्याज्य ठरत नाही. उइघुरांना तो काफिरांतील अत्यंत कडवे म्हणतो, आणि ही शत्रुत्वाची साक्षच अधिक मोलाची आहे. 840मध्ये किरगिझांनी त्यांचे मंगोलियातील राज्य मोडल्यावर यांतील अनेक जण तुर्फानकडे आले. तेथे मानी पंथामागून बौद्ध धम्म प्रबळ झाला. सुवर्णप्रभाससूत्र त्यांच्या भाषेत उतरले. कोशकाराच्या कानी हे नाम प्रामुख्याने बौद्धांचे होते. म्हणूनच तुर्फान इस्लामी झाल्यावर ते मागे पडले. 1921च्या ताश्कंद परिषदेत ते पुन्हा स्वीकारले गेले, तेव्हा ते धारण करणारे मुस्लिम होते. हा शतकांचा खंड वगळून नामाचा इतिहास सलग मांडणारे लेखन नेमके बौद्ध पर्वच झाकून टाकते.